तबकडी दिसेनाशी होईपर्यंत

“दोरी देताय की नाही, सर?”

आजगावकर सर पडवीत बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

“सर, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकू येतंय. कान शाबूत आहेत माझे.”

“उद्या सकाळी बैठक आहे. आज उन्हं उतरायच्या आत मला निघायला हवं.”

“मग नीघ.”

आता यावर माणसाने काय बोलावं? हेरंब वाटवे पडवीच्या पायरीवर टेकला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, साठीला टेकलेला. पण गुरूच्या पडवीत आला की माणूस विद्यार्थीच. म्हणून आपणही त्याला अरेतुरेच करू.

हा हेरंब समुद्र बघायचा तो आकाशातून. उपग्रहाच्या डोळ्याने पाण्याचा रंग बघायचा आणि पाण्यात काय माजलंय, काय मरतंय, ते इथे खुर्चीत बसून सांगायचं. उभी हयात त्यात गेली. त्याच्या घोट्याला खारं पाणी लागलेलं मात्र संस्थेत कोणाला आठवत नव्हतं.

ही विद्या त्याला शिकवली आजगावकर सरांनीच. निवृत्त झाल्यावर सर सावरबंदरला, आपल्या गावी येऊन राहिले. आणि हेरंबने नाव काढलं. नाव काढलं ते एका वाक्यावर. या किनाऱ्याचा निळा रंग जातोय, पाण्यात शेवाळ माजतंय, समुद्र आजारी आहे, हे ते वाक्य.

आणि आता संस्थेतली नवी पोरं म्हणत होती की वाक्य खोटं आहे.

“त्यांचा उपग्रह नवा आहे, सर. त्यात पाणी निळं दिसतं. म्हणे, तुमच्या उपग्रहाचा डोळाच अधू झाला होता. निळा रंग आधी दिसेनासा होतो म्हणे! मला शिकवतात! आमचा उपग्रह तर बंद पडून गेला, आता तपासणार कशाने? राहिला साक्षीदार एकच. तुमची दोरी.”

“आणि चंद्र?” सरांनी विचारलं.

हेरंबचा चेहरा उतरला. ते जुनं भांडण होतं.

उपग्रह वर जायच्या आधी सर हट्टाला पेटले होते. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या सुमाराला, उपग्रहाने समुद्राकडे पाठ करावी आणि चंद्राकडे बघावं. चंद्र काही बदलत नाही. तो फिका दिसला, तर समजावं की आपला डोळा फिका झाला. साधी गोष्ट. पण तेवढा वेळ समुद्र बघायचा राहिला असता, आणि हेरंबला ते सोसवेना. “आपण समुद्र बघायला पाठवतोय, चंद्र बघायला नव्हे,” असं तो भर सभेत म्हणाला होता. सगळे हसले होते. सरही हसले होते, आणि चंद्र वगळला गेला.

“ते सोडा हो सर आता,” हेरंब म्हणाला. “दोरीचं बोला.”

दोरी खुंटीला टांगलेली होती. तिच्या टोकाला ताटाएवढी लोखंडी तबकडी, पांढरा रंग दिलेली, खाली शिशाचं वजन. समुद्रावर काम करणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. सूर्य डोक्यावर असताना होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होते तिथे दोरीला खूण करायची. पाणी जितकं स्वच्छ, तितकी तबकडी खोलवर दिसते. सर दरवर्षी मार्गशीर्षात, समुद्र निवळला की एकदा जात आणि दोरीला एक रंगीत धागा बांधून येत. धागे सरांच्या पत्नीच्या, म्हणजे बाईंच्या, शिवणाच्या डब्यातले. बाई गेल्या, डबा राहिला.

वर्षामागून वर्षं ते धागे तबकडीच्या जवळ जवळ सरकत आले होते. म्हणजे पाणी गढुळत चाललं होतं. उपग्रह म्हणत होता तेच दोरी म्हणत होती!

म्हणून तर गावाने ऐकलं. सरकारने किनाऱ्यालगतची मासेमारी बंद करायचं ठरवलं, समुद्राला विश्रांती द्यायची म्हणून. तेव्हा देवळापुढे सभा भरली. हेरंबने आणलेले उपग्रहाचे नकाशे बघून मासेमारी करणारी गाबित मंडळी फिस्सकन हसली होती. मग सर उठले, दोरी हातात घेऊन. ते धागे लोकांनी बोटांनी चाचपून बघितले. आणि होड्या वर ओढल्या.

“चल,” सर अडकित्ता खाली ठेवून उठले. “यंदाचा धागा बांधायचा राहिलाय. तू आलास ते बरं झालं.”

“होडी कोण नेणार?”

“तू.”

“मी?”

“गावात वल्हं मारणारा कोण उरलाय दुसरा?”

वाळूत होड्या होत्या, पुष्कळ होत्या. नारळीची झापं टाकून झाकलेल्या, झापंही कुजून गेलेली. काहींच्या काठांवरून मर्यादवेल चढून आत उतरली होती. सरांची एक तेवढी पाण्याजवळ होती.

तिच्याजवळ द्रुपदाबाय बसली होती. मालंडकरांची म्हातारी, कधीकाळी बाजारात हिच्या आवाजापुढे कोणाचं चालत नसे. आता विकायला मासळी नव्हती. सर दिसताच तिने कपाळावर हात धरला.

“काय म्हणता दर्यो?”

“बघून येतो गे,” सर म्हणाले.

“आणि हे कोण? त्यावेळचे सायब मां? आकाशातले?” ती उठून उभी राहिली. “सायबानू, नीट बघा हां. दर्यो बरो झालो तर माका सांगा. माझो झील परत येतलो. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर राबता तो, हयसून लांब. गेल्या गणपतीक पण येवक नाय.”

“हो, हो… बघतो,” हेरंब म्हणाला, आणि घाईघाईने होडी ढकलायला लागला. बूट भिजले.

वल्हं मारणाऱ्याची पाठ पुढे आणि तोंड मागे. त्यामुळे जाताना सगळा वेळ हेरंबच्या समोर गाव होतं. झाकलेल्या होड्या, कुलूप घातलेली घरं, आणि वाळूत उभी ती म्हातारी. ती काही बसेना. हेरंबने मान खाली घातली आणि वल्ह्याकडे बघत राहिला. तळहाताला फोड आले.

“मुलापायी रोज विचारते का ती?”

“रोज.”

“तुम्ही काय सांगता?”

“बघू म्हणतो.”

काळ्या खडकाच्या पलीकडे सरांनी नांगर टाकायला लावला. सूर्य बरोबर डोक्यावर आला होता. सरांनी तबकडी हेरंबच्या हातात दिली.

“तू सोड. मी बघतो.”

सर काठावर वाकले. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. हेरंबला वाटलं, ऊन लागतंय म्हातारबुवांना.

“सोड.”

दोरी सुटत गेली. हेरंब बघत होता दोरीकडे. गेल्या वर्षीचा धागा, सगळ्यांत खालचा, हळूहळू पाण्याजवळ आला… पाण्याला टेकला…

“गेली,” सर म्हणाले. “दिसत नाही आता.”

“सर!” हेरंब ओरडलाच. होडी डगमगली. “तिथेच! गेल्या वर्षीच्या धाग्यावर! बोटभर फरक नाही! बघा, मी म्हणत नव्हतो? चार बुकं शिकलेली पोरं ती, त्यांना काय कळतंय! अहो, समुद्र आजारी आहे तो आहेच!”

त्याचे डोळे भरून आले होते. समुद्र आजारी असल्याचा इतका आनंद!

“ओरडू नकोस. दोरी धर.”

सरांनी उजव्या डोळ्यावरचा हात काढला. आणि डाव्यावर ठेवला.

“आता सोड.”

“पण… गेली म्हणालात ना?”

“मला दिसतेय. सोड.”

हेरंबने थोडी दोरी सोडली. धागा पाण्याखाली गेला.

“सोड.”

आणखी एक धागा गेला. पिवळा.

“सर, ऊन चमकत असेल पाण्यावर…”

“सावलीची बाजू आहे ही. सोड.”

पांढरा गेला. जांभळा गेला. हेरंबच्या हातातून वर्षं उलटी जात होती आणि तो प्रत्येक धाग्याला थांबत होता, आणि सर प्रत्येक वेळी म्हणत होते, सोड. सभेच्या वर्षीचा गेला. त्याचा पहिला मोठा लेख छापून आला त्या वर्षीचा गेला. तो उपग्रह वर गेला त्या वर्षीचा लाल धागा शेवटचा. त्याच्यावर दोरीला काहीच नव्हतं.

लाल धागा पाण्याला टेकला.

“आता गेली,” सर म्हणाले.

…

पाणी होडीला हळूहळू थापटत होतं. हेरंब दोरी घट्ट धरून बसला होता, जणू सोडली तर बुडेल कोणीतरी.

“ऑपरेशन कधी झालं?”

“गणपतीच्या आधी. मोतीबिंदू. उजव्याचं झालं. डॉक्टर म्हणाले, बराच जुना आहे, वर्षानुवर्षं वाढत होता. घरी आलो आणि भिंत बघून घाबरलो. मला वाटायचं भिंत मळलीय. निळी होती ती!”

“आणि डावा?”

“डाव्याचीही तारीख दिली होती. मी गेलो नाही. हा डोळा तुझ्यासाठी राखून ठेवलाय.”

हेरंबने पाण्याकडे पाहिलं. आल्यापासून प्रथमच त्याने पाण्याकडे पाहिलं. होडीच्या सावलीत ते निळं होतं, लांबवर निळं होतं. आत कुठेतरी बारीक मासळीचा थवा वळला आणि चमकून गेला.

पण माणूस बुडताना काडीलाही धरतो. हेरंबने धरली.

“सर! मग हा बंदीचा गुण म्हणायचा! होड्या थांबल्या, समुद्राला विश्रांती मिळाली, बरा झाला! आपलं चुकलं कुठे? उलट…”

सरांनी पुन्हा उजवा डोळा झाकला.

“दोरी वर घे.”

हेरंब ओढत गेला. धागे एकेक करून वर आले. लाल, मग सगळे, शेवटी गेल्या वर्षीचा.

“आता दिसली,” सर म्हणाले. “पाणी आजचंच आहे ना रे? मग या डोळ्याला अजून आजारी का दिसतं?”

हेरंबची काडी मोडली.

तबकडी होडीत आली. ओली दोरी त्याच्या पायाशी पडली. सरांनी चाचपून त्यातला एक धागा दोन बोटांत धरला. सभेच्या वर्षीचा.

“हा मी काळा म्हणून बांधला होता. काळा म्हणूनच दाखवला लोकांना. ऑपरेशननंतर बघतो तर गडद निळा.”

हेरंबने नजर धाग्यावरून काढून घेतली.

“तू माझ्या शेजारी उभा होतास. तुला दिसला नव्हता?”

“दिसला होता.”

“मग?”

“तुम्ही काळा म्हणालात… चारचौघांत गुरूची चूक कशी काढायची, सर?”

“अस्सं. माझा मान राखलास.”

“हो.”

“आणि धागा जिथे बांधला होता, ती जागा तुझ्या नकाशाशी जुळत होती.”

“…हो.”

“मीही हसलो होतो, हेरंब. चंद्राच्या वेळी. तू माझा मान राखलास, मी तुझा.”

मग हेरंब रडला. मोठी माणसं रडतात तसं तोंड झाकून नव्हे. उघड, हुंदके देऊन रडला. माझं आयुष्य गेलं म्हणाला. पोरं हसतील म्हणाला. माझ्या नावावर काय राहिलं म्हणाला. बराच वेळ म्हणत होता. सर ऐकत होते.

“समुद्र बरा आहे,” सर शेवटी म्हणाले. “तो कधी आजारी नव्हता. आणि त्यासाठी रडतोयस तू.”

हेरंब रडायचा थांबला. कारण ते खरं होतं. आपल्याला समुद्र मेलेला चालला असता, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

सावली होडीच्या दुसऱ्या बाजूला सरकू लागली.

“सर…” हेरंबचा आवाज खाली गेला होता. “ऑपरेशनचं कोणाला माहीत आहे?”

“तुला.”

“गावात?”

“गावात डोळे बघणारं कोण आहे? तुलाच सांगायचं होतं आधी. एकट्याने सांगायचा धीर झाला नाही. गणपतीपासून द्रुपदाबायपुढून जातोय, नजर चुकवून.”

म्हणजे सरही… हेरंबला आधार वाटायच्या ऐवजी भीती वाटली. लहानपणी जत्रेत बापाचा हात धरून चालावं आणि बापच रस्ता चुकलाय हे कळावं, तशी.

सरांनी दोरी गोळा केली. नीट वेटोळं केलं, धागे वर येतील असं. आणि हेरंबच्या मांडीवर ठेवलं.

“घे. मागायला आला होतास ना?”

“सर?”

“घे. धागे सगळे जागच्या जागी आहेत. उद्या टेबलावर ठेव. कोणी काही विचारणार नाही. माझ्याकडून बातमी फुटायची नाही.”

हेरंबने दोरीकडे पाहिलं. तीच होती. तो जी न्यायला आला होता तीच, आणि तिच्यातला एकही धागा हललेला नव्हता. ती त्याला मांडीवर जड झाली.

“हे… तुम्ही मला करू द्याल?”

सरांनी नांगर वर घेतला.

परत येताना हेरंबच्या समोर समुद्र होता आणि पाठीशी गाव. समुद्र इतका निळा होता की बघवत नव्हता. तळहाताचे फोड फुटले, खारं पाणी झोंबलं, पण तो वल्हवत राहिला. कुठे पोचलो हे वळून बघायची त्याची छाती नव्हती.

उद्या काय सांगायचं, हे तो मनात जुळवू लागला. सन्माननीय सदस्यहो, उपलब्ध माहितीचा फेरविचार करता… नाही. साधनांच्या मर्यादा लक्षात घेता… असं म्हणता येईल. हो, असं म्हणता येईल. चुकलो असा शब्दही त्यात येणार नाही. मर्यादा सगळ्यांनाच असतात. लोक मान डोलावतील, चहा येईल, बंदी उठेल. त्याला किंचित बरं वाटायला लागलं.

होडीचा तळ वाळूला घासला.

द्रुपदाबाय तिथेच उभी होती. पाण्यात दोन पावलं पुढे आली होती, लुगडं भिजत होतं त्याची शुद्ध नव्हती. तिने होडीचा काठ धरला. हेरंब उतरला, दोरी छातीशी धरून.

“काय म्हणता दर्यो, सायबानू?”

हेरंबने तोंड उघडलं. उपलब्ध माहितीचा… छे. मर्यादा लक्षात घेता… तिच्यापुढे ते शब्द जिभेवर येईनात. तिच्या मागे होड्या दिसत होत्या, काठांवरून मर्यादवेल आत उतरलेल्या, फळ्या उकललेल्या. आता त्या पाण्यात घालण्यासारख्या नव्हत्या. आणि घालायला कोणी नव्हतं.

“सांगा मां,” ती म्हणाली. “बरो नाय झालो तरी चलात. रागवाचंय नाय मी. खरा काय ता सांगा.”

“बाय…” एवढंच हेरंबला जमलं.

ती वाट बघत राहिली.

“सर,” तो न वळता कुजबुजला. “सर, तुम्ही सांगा. मला नाही जमणार.”

सर होडीतच बसून होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, दोन्ही.

“बातमी चांगली आहे ना रे, हेरंब?” ते म्हणाले. “मग सांग की तिला.”